माइल्सचे तिकीट आणि त्यावरची घडणावळ

लेकीला लंडनमध्ये मुलगा झाला आणि आम्हा दोघांचे तिकडे जाणे ठरले, तेव्हा मी निर्धास्त होतो. चार वर्षे केळीबागेची खते, ठिबकच्या नळ्या, मोटारीची दुरुस्ती असा सगळा खर्च क्रेडिट कार्डावर करून जमवलेले पॉइंट मी एका विमान कंपनीच्या माइल्समध्ये, म्हणजे पैशांऐवजी देऊन तिकीट काढता येते अशा तिच्या बक्षीस गुणांमध्ये, वळवून ठेवले होते आणि रावेरच्या पारावर बसणाऱ्या मंडळींना ‘यंदा फुकट लंडन’ असे सांगूनही झाले होते. जून 2025 मध्ये जाऊन-येऊन तिकीट काढायला बसलो, तर माणशी 50,000 माइल्सच्या खाली बारीक अक्षरांत ‘कर व शुल्क’ म्हणून 30,400 रुपये दिसले. दोघांचे मिळून 60,800. त्याच तारखांना, त्याच विमानाचे रोख तिकीट माणशी 69,400 रुपयांना होते.

केळी विकणाऱ्या माणसाला पट्टी वाचायची सवय असते. जाहीर झालेला भाव आणि हातात पडणारी रक्कम यांच्यामध्ये कटती, हमाली, तोलाई असे बरेच काही असते, आणि त्यातले रास्त किती व लादलेले किती, हे ओळ न् ओळ पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी ‘कर व शुल्क’ या शब्दांवर न थांबता त्याखालचा तपशील उघडला. त्यातले 10,500 रुपये ब्रिटिश सरकारचे होते. 1994 पासून तिथून उडणाऱ्या प्रवाशाकडून ‘एअर पॅसेंजर ड्यूटी’ घेतली जाते आणि एप्रिल 2025 पासूनच्या वर्षात भारताच्या अंतराला इकॉनॉमी वर्गात ती 90 पौंड होती. लंडनचे विमानतळ शुल्क, मुंबईचे वापर शुल्क, आपल्याकडचे 12 डॉलरचे सुरक्षा शुल्क आणि जीएसटी मिळून आणखी 7,500 झाले. ही रक्कम विमान कंपनीच्या खिशात राहत नाही, तिकीट माइल्सवर घेतले तरी ती कोणीतरी भरायचीच असते, तेव्हा तिच्याविषयी माझी तक्रार नाही.

उरलेल्या 12,400 रुपयांपुढे मात्र ‘वायक्यू’ एवढीच दोन अक्षरे होती.

हा कर नव्हे. विमान कंपनीने स्वतः बसवलेला हा अधिभार आहे. काही कंपन्या तो ‘वायआर’ या अक्षरांखाली घेतात. 2000 नंतरच्या दशकात खनिज तेल भडकले तेव्हा ‘इंधन अधिभार’ म्हणून तो सर्वत्र पसरला. तेल महागले तर भाडे वाढवणे हा सरळ मार्ग होता. पण मूळ भाड्यावर एजंटाचे कमिशन निघे, मोठ्या ग्राहकांच्या सवलती निघत, आणि माइल्सच्या तिकिटात माफ होते ते मूळ भाडेच. तीच वाढ अधिभाराच्या ओळीत टाकली की या सगळ्यांतून ती सुटते. 2014 च्या अखेरीस तेलाचे भाव कोसळले तेव्हा हा अधिभार त्या प्रमाणात उतरायला हवा होता, परंतु बऱ्याच कंपन्यांनी ‘इंधन’ हा शब्द काढून ‘कंपनीने आकारलेले शुल्क’ असे नाव दिले आणि आकारणी चालू ठेवली. जपानी कंपन्या निदान सिंगापूरच्या केरोसीनच्या भावाशी सांगड घालून दर दोन महिन्यांनी आपला अधिभार जाहीर करतात आणि भाव उतरला की खरोखर कमी करतात. त्यामुळे हिशेब उघड ठेवता येत नाही, असे कोणी म्हणू नये.

मला अधिक खटकले ते हे की हा अधिभार विमानावर नव्हे, तर माइल्स कोणत्या कंपनीच्या खात्यात आहेत यावर ठरतो. जर्मनीच्या लुफ्थान्साच्या एकाच विमानातले आसन तिच्या स्वतःच्या ‘माइल्स अँड मोअर’ योजनेतून घेतले तर अधिभार द्यावा लागतो, आणि तिची भागीदार असलेल्या अमेरिकेच्या युनायटेडच्या ‘माइलेजप्लस’मधून घेतले तर लागत नाही. सिंगापूर एअरलाइन्सने मार्च 2017 मध्ये आपल्या विमानांवरील माइल्सच्या तिकिटांचा इंधन अधिभार काढून टाकला, पण त्याच वेळी ऑनलाइन तिकिटावर मिळणारी 15 टक्के माइल्सची सूट बंद केली आणि लागणारे माइल्सही वाढवले. एअर कॅनडाच्या ‘एअरोप्लॅन’ने 2020 मध्ये अधिभार काढला व भागीदार कंपनीच्या तिकिटाला 39 कॅनेडियन डॉलरचे ठरावीक शुल्क ठेवले. हे सर्व मी वाचले ते पॉइंट वळवून झाल्यानंतर. आणि कार्डावरून विमान कंपनीकडे एकदा गेलेले पॉइंट परत येत नाहीत. आधी खाते निवडायचे आणि मग पॉइंट वळवायचे, हा क्रम मी उलटा केला होता.

मग कागद-पेन घेऊन बसलो. रोख तिकिटाच्या 69,400 मधून 30,400 वजा केले तर 50,000 माइल्सनी माझे 39,000 वाचवले, म्हणजे एका माइलला 78 पैसे पडले. हे बरे दिसते. पण आठवड्याने दुसऱ्या एका कंपनीचे सवलतीचे तिकीट 54,400 ला निघाले, आणि त्याच्याशी तुलना करता माइल 48 पैशांवर आला. माझ्या कार्डावर साध्या खरेदी व्हाउचरलाच पॉइंटमागे 50 पैसे मिळत होते! शिवाय रोख तिकिटावर नवे माइल्स जमतात, माइल्सच्या तिकिटावर जमत नाहीत. आमच्या सौभाग्यवतींनी हा कागद पाहून ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ एवढेच म्हटले व त्या स्वयंपाकघरात गेल्या.

पुतण्याने सुचवले की मग वरच्या वर्गाचे तिकीटच माइल्सवर घ्यावे. एरवी हा सल्ला चुकीचा नाही, कारण त्या वर्गाचे रोख भाडे इतके असते की शुल्क वजा जाऊनही माइल्सचे चीज होते. पण लंडनहून निघताना इकॉनॉमीच्या वर गेले की ब्रिटिश कर तेव्हा 90 वरून 216 पौंड होत होता, आणि अधिभारही वाढत होता. आमच्या गुडघ्यांना तेवढा मान परवडणारा नव्हता.

शेवटी वाट सापडली ती त्या कराच्याच स्वभावात. तो ब्रिटनमधून निघताना लागतो, तिथे उतरताना नाही. म्हणून मुंबई-लंडन हा जाण्याचा टप्पा तेवढा माणशी 25,000 माइल्सवर घेतला. अधिभार निम्मा झाला आणि मुंबईची शुल्के धरून 8,600 रुपयांत भागले. परतीचे एकेरी तिकीट दुसऱ्या कंपनीचे रोख 29,000 ला मिळाले. एकूण 37,600. सवलतीच्या 54,400 शी ताडून पाहता 16,800 वाचले, म्हणजे माइलला 67 पैसे. जाण्याचे तिकीट रद्द करावे लागते तर माइल्स परत जमा करण्याचे वेगळे शुल्क होते, परंतु आपल्याकडच्या नियमाने सरकारी कर आणि विमानतळाचे वापर शुल्क कंपनीला परत करावेच लागते, तेव्हा तेवढा धीर होता.

निघण्याआधी नातवासाठी चांदीचे वाळे घ्यायला जळगावच्या सराफ बाजारात गेलो. घरातली जुनी चांदी मोडीत दिली, वजन जुळले, तरी सराफाने बिलात खाली एक रक्कम लिहिली. मी चष्मा पुसून ती ओळ वाचली. ‘घडणावळ’ असे स्वच्छ अक्षरात लिहिलेले होते. मी काही न बोलता पैसे दिले. ‘काय बापू, आज घासाघीस नाही?’ असे सराफानेच विचारले.