तुमचं ऑइल घेतं कोण?

बँकेत, पाहुण्यांत, लग्नाच्या पंगतीत मला हाच प्रश्न येतो: कॅस्ट्रॉल, सर्वो, मॅक असे गाडीच्या ऑइलचे मोठे ब्रँड असताना तुमचं ऑइल घेतं कोण? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

आमचं ब्लेंडिंगचं, म्हणजे ऑइल मिसळून तयार करण्याचं, युनिट लहान आहे. डब्यात बहुतेक भाग बेस ऑइलचा, म्हणजे मूळ तेलाचा असतो आणि त्यात अ‍ॅडिटिव्हचं पॅकेज, म्हणजे ऑइलचे गुण वाढवणाऱ्या रसायनांचं मिश्रण. ही पॅकेजेस लुब्रिझोल, इन्फिनियम अशा मोजक्या कंपन्याच बनवतात. मोठे ब्रँडही त्यांचे गिऱ्हाईक आणि आम्हीही. म्हणजे चांगलं ऑइल बनवणं आमच्या आवाक्यात आहे. टीव्हीवरची जाहिरात आणि गाडीच्या मॅन्युअलमधली शिफारस मात्र नाही.

मग स्वस्त विका, असं लोक सुचवतात. दर फार पाडायचा तर पॅकेज कमी टाकावं लागतं. डब्यात ते दिसत नाही, इंजिनात दिसतं. असा माल विकणारे आहेत, आणि त्यांच्यापायी दुकानदार आमच्याकडेही संशयाने बघतो. याची मला मनापासून चीड आहे.

आमचा धंदा ऊसपट्ट्यातला. हंगामात ट्रॅक्टर रात्रंदिवस ट्रॉल्या ओढतात. एकदा फोन आला, "तुमचं ऑइल टाकल्यापासून ब्रेक किंचाळतोय." संध्याकाळपर्यंत मी फडावर पोचलो. ट्रॅक्टर ऑइल ब्रेकचा, म्हणजे ब्रेक ऑइलमध्ये बुडालेले. त्याच्या मागच्या हाउसिंगमध्ये गिअर, हायड्रॉलिक आणि ब्रेक तिन्हींना एकच ऑइल असतं, आणि ते ब्रेकला चालणारंच लागतं. दुकानदाराने दिलं होतं साधं हायड्रॉलिक ६८, ब्रेकला न चालणारं. चूक त्याची, पण बादलीवर नाव आमचं. सगळं ऑइल काढून योग्य ते भरलं, पैसे घेतले नाहीत. गॅरेजचा मिस्त्री शेजारी उभा राहून बघत होता. परत आल्यावर त्या बॅचची जपून ठेवलेली बाटलीही तपासून घेतली. प्रत्येक बॅचची आम्ही ठेवतोच. माल ठीक होता.

मोठ्या कंपन्या मिस्त्रीला कूपन देतात, बक्षिसं देतात. तिथे आम्ही पुरे पडत नाही. दोन बादल्या लागल्या तरी त्याच दिवशी पोचवतो, आणि उसाचं बिल येईपर्यंत थांबतो. हे थांबणं सोपं नाही. बेस ऑइलवाला आमच्यासाठी थांबत नाही.

तो मिस्त्री आता ऑइल ओतण्याआधी फोन करतो. मॉडेल सांगतो, कुठलं टाकू विचारतो. परवा नव्या ट्रॅक्टरसाठी विचारलं, तेव्हा त्याला म्हटलं, "वॉरंटी संपेपर्यंत कंपनीचंच टाक."