तीन मिनिटं चाळीस सेकंद

१० मे २०२४, अक्षय्य तृतीया. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये एकच गिऱ्हाईक यायचं होतं, भोर तालुक्यातल्या एका हायस्कूलचे विज्ञानाचे सर. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेला दुर्बीण द्यायची ठरवली होती आणि सरांनी मुद्दाम हा मुहूर्त धरला होता. सोबत शाळेचे शिपाई होते. त्यांना सगळी शाळा मामा म्हणते, म्हणून मीही मामाच म्हणू लागले. मामांच्या खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं.

दुर्बिणी जुळवायच्या, तपासायच्या आणि नेणाऱ्याला शिकवून पाठवायचं, हे माझं काम. बहुतेक लोक आधी आरशाचा व्यास विचारतात. दुर्बीण ज्यावर बसते आणि फिरते त्या माउंटचं नाव फार थोडे काढतात. सर आल्या आल्या म्हणाले, "ताई, माउंट मोटरवालं इक्वेटोरियलच पाहिजे. सूर्य धरून ठेवणारं. २०२७ चं ग्रहण पोरांना दाखवायचंय."

२ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमध्ये लक्सरला खग्रास ग्रहण आहे, आपल्याकडे त्या दिवशी दुपारनंतर खंडग्रास. ऑगस्टमध्ये भोरला ढग असणार हे सरांनाही ठाऊक होतं. तरी तयारी आत्तापासून, हे मला मनापासून आवडलं.

मी दोन माउंट अंगणात मांडले. एक सर म्हणत होते तसं मोटरचं, ॲल्युमिनियमच्या पायांचं. दुसरं साधं लाकडी खोक्याचं, डॉब्सोनियन, सहा इंची आरशाचं. दोन्हींतून लांबच्या टॉवरचं टोक धरलं, नळीला बोटानं टिचकी मारली आणि चित्र स्थिर व्हायला किती वेळ लागतो ते सरांनाच मोजायला लावलं. पाय पूर्ण लांबवलेल्या मोटरच्या माउंटवर टॉवर सहा सेकंद थरथरत राहिला. पाय आत सरकवले, मधल्या खुंटीला वाळूची पिशवी टांगली, तेव्हा तीनवर आला. खोक्यावर एक सेकंदही लागला नाही. माउंटची परीक्षा करायची तर मी आधी हीच घेते, मोटर वगैरे नंतर. मुलं दुर्बिणीला हात लावणारच. लावू नका म्हणून सांगून काय उपयोग?

दुसरी अडचण आपल्या अक्षांशाची आहे. इक्वेटोरियल माउंटचा मुख्य आस ध्रुवताऱ्याकडे रोखायचा, म्हणजे जितका गावाचा अक्षांश तितकाच तो क्षितिजापासून वर उचलायचा. युरोपात तो पन्नासेक अंश उभा राहतो. पुण्यात साडेअठरा, म्हणजे जवळजवळ आडवाच. माउंटचं डोकं उत्तरेला पुढे झुकतं आणि सूर्य क्षितिजाजवळ असला की दुर्बिणीचा तोल सांभाळणाऱ्या वजनांचा दांडा खाली येऊन ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला भिडतो. २५ ऑक्टोबर २०२२ ला, दिवाळीतल्या त्या ग्रहणात, मला याचा पुरता फटका बसला. पुण्यात ग्रहण लागलेलाच सूर्य मावळला. ऐन शेवटच्या पंधरा मिनिटांत दांडा पायावर टेकला, मोटर नुसती घुरघुरत राहिली आणि मागे माणसांची रांग. तेव्हापासून ट्रायपॉड मांडताना पाय उत्तरेला न ठेवता दोन पायांमधली फट उत्तरेला येईल असं डोकं फिरवून बसवता येतं का, हे मी आधी बघते. या माउंटवर ते जमत नव्हतं.

खोक्यात मोटर नाही, हे सरांना खुपत होतं. मी हिशेब मांडला. पंचवीस मिलिमीटरचा आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, लावला तर चित्र अठ्ठेचाळीसपट मोठं. सूर्य मध्यभागी धरला की एका मिनिटात तो कडेला टेकतो आणि आणखी दोन मिनिटांनी पूर्ण बाहेर जातो. म्हणजे तीन मुलांनी वीस-वीस सेकंद बघितलं की नळी बोटभर सरकवायची. "आणि ते मामा सरकवतील," मी म्हटलं. मामा हसले. फक्त मे महिन्यात भर दुपारी खोकं लावू नका, असं सांगितलं. तेव्हा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि असलं माउंट तिथे अडतं, कुठल्या बाजूला ढकलावं तेच कळत नाही.

सरांना पटलं. मग त्यांनी गोणपाट सोडायला सांगितलं.

आत शाळेची जुनी दुर्बीण होती, साठ मिलिमीटर भिंगाची, कोणीतरी भेट दिलेली. "ही पण तपासून द्या. हिचा सूर्याचा फिल्टर आहे." सरांनी डबी उघडली. आयपीसच्या तळाशी आट्यांनी बसणारी, बोटाच्या पेरापेक्षा लहान, काळसर हिरव्या काचेची चकती. तिच्यावर 'सन' असं कोरलेलं.

ही चकती पाहिली की माझ्या पोटात गोळा येतो. फिल्टर पुढे, भिंगाच्या तोंडावर असायला हवा, म्हणजे ऊन आत शिरायच्या आधीच अडतं. हा मागे बसतो, भिंगानं सगळं ऊन एकवटल्यावर. उन्हात आपली बाहुली दोनेक मिलिमीटरची होते. साठ मिलिमीटरचं भिंग तिच्या नऊशेपट ऊन गोळा करतं आणि ते सगळं या काचेवर पडतं.

सर म्हणाले, "पण आम्ही वापरलाय की. काही झालं नाही."

मी दुर्बीण ट्रायपॉडवर चढवली, फाइंडर, म्हणजे नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण, काढून ठेवला, चकती बसवली. साडेनऊ वाजले होते, ऊन कडक. नळीची जमिनीवरची सावली आखडून गोल होईपर्यंत नळी फिरवली. सूर्य असाच धरायचा, डोळा लावून कधीच नाही. आयपीसच्या मागे वीतभर अंतरावर पांढरा पुठ्ठा टेकवला आणि दोघांना बाजूला उभं केलं. पुठ्ठ्यावर मंद हिरवट ठिपका दिसत होता. तो सरकला की मी स्क्रू फिरवून परत आणायचे. मामांनी मोबाइलवर वेळ लावली. एक मिनिट. दोन मिनिटं. तीन. सर काही बोलणार एवढ्यात 'टिक्' असा आवाज आला, नखावर नख आपटावं इतका बारीक. हिरवट ठिपक्यातून एक पांढरीशुभ्र रेघ पुठ्ठ्यावर उमटली, बघवेना इतकी प्रखर.

मामांनी वेळ वाचली, "तीन मिनिटं चाळीस सेकंद."

कोणीच बोललं नाही. मी नळी बाजूला वळवली. सर पायरीवर बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "बावीस सालच्या ग्रहणाला आठवीची चाळीस पोरं होती. प्रत्येकाला दाखवलं मी यातून."

मी त्यांना खरं ते सांगितलं. त्या संध्याकाळी सूर्य डोंगराला टेकत आला होता, हवेतून येता येता त्याची धग मेली होती, म्हणून काच टिकली. २०२७ ला ग्रहणाच्या वेळी तो चांगला वर असेल. डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळत नाही. पोर ओरडत नाही, मागे सरत नाही, आणि दिसायचं कमी झालंय हे काही तासांनी समजतं. त्या मुलांपैकी कोणाची तक्रार आली होती का, विचारलं. नव्हती. सरांनी तरीही दोनदा मान हलवली, जणू मोजत होते.

मग आम्ही नव्या दुर्बिणीचा फिल्टर केला. सोलर फिल्म दोन प्रकारची येते, दिसायला सारखीच. एक डोळ्यांसाठी, घनता ५, लाखातला एक भाग प्रकाश सोडणारी. दुसरी फक्त फोटोसाठी, ३.८ ची, सोळापट जास्त सोडणारी. पाकिटावरचा आकडा सरांना मोठ्यानं वाचायला लावला. अंधाऱ्या खोलीत फिल्ममागे टॉर्च धरून भोकं शोधली. एक सुईच्या टोकाएवढं निघालं, त्यावर काळा रंग टेकवला. फिल्म ताणून बसवली नाही. लोक सुरकुत्यांना भितात, पण फिल्म ताणलेली वाईट, थोडी सैल असलेली बरी. पुठ्ठ्याच्या कड्याला आतून फेल्ट चिकटवून ते नळीवर घट्ट बसेल असं केलं, नळी उलटी करून हलवली, आणि तरीही चार बाजूंनी चिकटपट्टी लावली. वाऱ्याच्या एका झोतानं कडं उडालं तर बाकी सगळं फुकट. सूर्य बघताना फाइंडर काढूनच ठेवायचा आणि दुर्बिणीजवळ एक मोठं माणूस कायम उभं राहायचं, हेही सांगितलं.

सूर्य धरला आणि आधी मी पाहिलं. गेले दोन दिवस ज्याची चर्चा होती तो ३६६४ क्रमांकाचा सौरडागांचा समूह समोर होता, पंधराएक पृथ्वी ओळीनं मावतील एवढा. काळ्या गाभ्यांभोवतीची करडी किनार स्पष्ट दिसत होती. सर बराच वेळ वाकून राहिले. मामांना मी आधी ग्रहणाचा चष्मा दिला. तो नुसत्या डोळ्यांसाठी असतो, दुर्बिणीमागे कधीच नाही. डाग इतका मोठा होता की चष्म्यातूनही दिसला. "सूर्याला तीळ आहे की," मामा म्हणाले. मग ते दुर्बिणीशी आले. सूर्य कडेला गेला तेव्हा त्यांनी विचारलंही नाही, तळहातानं नळी हलकेच सरकवून परत मध्यावर आणला.

निघताना सरांनी तडकलेली चकती मागितली. मी ती कागदात गुंडाळून दिली. त्यांनी पुडी शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून बटण लावलं.

"ती आठवीची पोरं जूनमध्ये दहावीत येतील," ते म्हणाले. "त्यांना दाखवतो."