पुमा पुंकू : १७,००० वर्षांची थाप

बोलिव्हियातलं पुमा पुंकू हे प्राचीन दगडी बांधकाम १७,००० वर्षं जुनं, हा फॉरवर्ड नागपूरच्या ग्रुपांवरही फिरतो. आकडा आर्थर पोस्नान्स्की या संशोधकाचा. शेजारच्या कालासासाया या भिंतींनी वेढलेल्या वास्तूची बांधणी अयनदिनाच्या (वर्षातल्या सर्वांत मोठ्या किंवा लहान दिवसाच्या) सूर्योदयाशी तंतोतंत जुळवली होती, असं त्याने धरलं आणि आज दिसणारा फरक पृथ्वीच्या आसाच्या कलात झालेल्या बदलावर ढकलला. पण कल फार सावकाश बदलतो. भिंत जराशी तिरपी बांधली गेली तरी हिशेब हजारो वर्षांनी चुकतो.

दगडावरून बांधकामाचा काळ कळत नाही. पुमा पुंकूच्या चौथऱ्याच्या सर्वांत खालच्या भरावातल्या सेंद्रिय अवशेषांची कार्बन तारीख इ.स. ५३६ ते ६०० निघाली. आपल्या काटोल रोडवरच्या जुनापाणीची शिलावर्तुळंही खाली सापडलेल्या लोखंडी वस्तू आणि खापरांवरूनच लोहयुगातली ठरतात.

जोडकाम मात्र बघण्यासारखं. लगतच्या दोन दगडांत मिळून इंग्रजी ‘आय’च्या आकाराची खाच, आणि त्यात जागेवरच ओतलेला तांबं-आर्सेनिक-निकेलचा रस. म्हणजे भट्टी दगडाजवळ न्यावी लागली, तीही सुमारे ३,८०० मीटर उंचीवर, विरळ हवेत!

खरं कोडं वाहतुकीचं. सर्वांत मोठी वालुकाश्माची शिळा अंदाजे १३१ टनांची, खाण सुमारे १० किलोमीटरवर. दोर, माणसं, उतार, सगळे तर्कच. त्यात नंतरच्या लोकांनी दगड पळवले, त्यामुळे मूळ आराखडाही विस्कटला.