कोड शिकताना मेंटॉर कशाला हवा?

प्रोग्रॅमिंग शिकण्यासाठी आज पुस्तकांची आणि व्हिडिओंची वानवा नाही, आणि आता तर प्रश्न टाइप करताच एआय तयार कोडच हातात ठेवते. मग कोणा अनुभवी माणसाच्या हाताखाली शिकायचे कशाला, असे नवशिके मला अनेकदा विचारतात. माझ्या मते ही सारी साधने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर उत्तम देतात, पण नेमके काय विचारावे हेच नवशिक्याला ठाऊक नसते, आणि मेंटॉरची खरी गरज तिथे भासते.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतले एक उदाहरण पाहा. फंक्शनच्या, म्हणजे नाव देऊन पुन्हा पुन्हा वापरायच्या कोडच्या, एखाद्या पॅरामीटरला (त्याला बाहेरून मिळणाऱ्या मूल्याला) डीफॉल्ट म्हणून, म्हणजे काही न दिल्यास वापरायला, रिकामी लिस्ट (यादी) दिली, तर प्रत्येक कॉलला, म्हणजे दर वापराला, नवी लिस्ट मिळेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती लिस्ट फंक्शनची व्याख्या चालते तेव्हा एकदाच तयार होते आणि पुढे तीच वापरात राहते. किराणा दुकानाच्या बिलातल्या वस्तू अशा लिस्टमध्ये भरत गेलात, तर पहिले बिल बिनचूक येते आणि दुसऱ्या बिलात आधीच्या गिऱ्हाइकाची साखर व चहापत्ती जाऊन बसते. एरर मात्र कुठेच येत नाही. ती आली असती तर तिचा मजकूर इंटरनेटवर शोधता आला असता. इथे शोधायचे तरी काय? जाणकार माणूस ती ओळ पाहताच थबकतो आणि ‘सलग दोन बिले करून दाखव’ एवढेच सांगतो. त्याच बिलात रक्कम फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक बहुधा अंदाजेच साठवणाऱ्या प्रकारात, ठेवलेली दिसली, तर तो ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करायला लावतो, उत्तर ०.३०००००००००००००००४ असे येते आणि पैशांचा हिशेब पूर्णांकी पैशांत किंवा डेसिमल या अचूक दशांश प्रकारात का ठेवायचा, हे वेगळे समजवावे लागत नाही.

पुण्यातल्या पहिल्या नोकरीत मला लाभलेले मेंटॉर माझ्या कीबोर्डला कधीही हात लावत नसत. स्क्रीनवर एररचा लांबलचक मजकूर आला की ते शेजारी खुर्ची ओढून बसत आणि म्हणत, ‘आधी शेवटची ओळ मोठ्याने वाच.’ पायथनच्या ट्रेसबॅकमध्ये, म्हणजे एररच्या या लांबलचक मजकुरात, एररचा प्रकार आणि कारण शेवटच्या ओळीत असते, हे मी त्यामुळे शिकलो. सगळेच अनुभवी लोक असे नसतात. काही जण कीबोर्ड ओढून घेतात, दोन मिनिटांत चूक दुरुस्त करतात आणि शिकणारा होता तिथेच राहतो.

चांगले मेंटॉर ऑफिसबाहेरही भेटतात. २००५ पासून चालणाऱ्या ‘गूगल समर ऑफ कोड’ या उपक्रमात निवड झालेल्यांना ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड सर्वांना खुला असतो अशा, प्रकल्पांतले मेंटॉर मिळतात, आणि २०२२ पासून तो केवळ विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही. अर्थात त्यासाठी थांबून राहण्याचे कारण नाही. एखाद्या प्रकल्पात छोटी दुरुस्ती पाठवली, तरी रिव्ह्यूमध्ये, म्हणजे ती तपासली जाताना, मिळणाऱ्या शेऱ्यांतून बरेच शिकता येते. मात्र ही मंडळी बहुधा आपले काम सांभाळून वेळ देत असतात, म्हणून काय केले, काय अपेक्षित होते आणि काय घडले, हे शक्य तितक्या छोट्या कोडसह लिहून मगच विचारावे. असे लिहिता लिहिता पुष्कळदा उत्तर आपले आपल्यालाच सापडते, आणि प्रश्न लिहून आणण्याचा आग्रह धरणाऱ्या माझ्या मेंटॉरांना याची पूर्ण कल्पना होती, असा मला दाट संशय आहे.