सॅल्मनचं कातडं सुटता सुटेना

नॉर्वेत राहून सॅल्मन तळता येत नाही म्हणणं म्हणजे रत्नागिरीत राहून आंबा कापता येत नाही म्हणण्यासारखं. बर्गनच्या कुठल्याही दुकानात हवाबंद पाकिटात तुकड्या मिळतात, बहुतेक काटे काढलेल्या. साफसफाईची कटकट नाही. आणायच्या, मीठ लावायचं, तळायच्या.

माझा राग आहे तो पाककृती लिहिणाऱ्यांच्या एका ओळीवर. ‘पॅन तापल्यावर कातड्याची बाजू खाली ठेवा आणि काही मिनिटांनी उलटा.’ उलटा म्हणे! स्टीलच्या पॅनला ते कातडं असं धरून बसतं की उलथनं घातलं की मासा वर आणि कातडं खाली. आई फोनवर म्हणते, "अगं, रवा लाव, आपोआप सुटेल." सुटतं, खोटं कशाला बोला. सुरमईला आपण तेच करतो. पण मग कुरकुरीत लागतो तो रवा, खालचं कातडं मऊ ते मऊच. मला कातडंच कुरकुरीत हवं होतं.

मेख आहे ती पाण्यात. पाकिटातली तुकडी ओलीकंच असते. ओलं कातडं पॅनवर ठेवलं की आधी सगळी आच ते पाणी उडवण्यात जाते, आणि तोवर माशातलं प्रथिन धातूला घट्ट चिकटतं. किचन पेपरने टिपा, असं सगळे सांगतात, पण तेवढ्याने भागत नाही. सुरीची पाठ कातड्यावर दाबून एका दिशेने ओढायची. वरून कोरड्या दिसणाऱ्या कातड्यातून करडं, बुळबुळीत पाणी निघतं. पुसायचं, पुन्हा ओढायचं, काही निघेनासं होईपर्यंत. वेळ असेल तर मीठ लावून, कातडं वर करून, तासभर फ्रिजमध्ये उघडंच ठेवायचं. हळद-तिखट लावू नका, करपतं.

मग पॅन. रिकामाच तापवायचा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो चुर्र होऊन विरला तर थांबायचं. गोळी होऊन पळायला लागला की तेल. लोणी आत्ता नाही, ते जळतं. तुकडी ठेवल्याबरोबर कडेने वर वळते, म्हणून पहिले दहा-पंधरा सेकंद उलथन्याने सपाट दाबून धरायची. आच मध्यम करायची, आणि इथे विजेची सपाट काचेची शेगडी असेल तर जरा आधीच, कारण ती बटण फिरवल्यावरही बराच वेळ तापलेली राहते.

यानंतर हात लावायचा नाही. पाचसहा मिनिटं. ही मिनिटं मला अजून जड जातात. मी भांडी घासायला घेते, नाहीतर हात शिवशिवतात. बघायचं ते तुकडीच्या कडेकडे: गडद केशरी रंग खालून वर फिका गुलाबी होत चढतो. पाऊण उंची गाठली की उलथन्याचं टोक कोपऱ्यात हळूच सारायचं. अडलं तर काढून घ्यायचं, अजून अर्धं मिनिट. कातडं भाजलं गेलं की पॅन स्वतःच सोडतं. पहिल्यांदा तुकडी अख्खी सरकली तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात ‘आलं, आलं!’ ओरडले.

उलटल्यावर मिनिटभर पुरे. लोणी आणि ठेचलेला लसूण आत्ता. बाजूने पांढरे गोळे यायला लागले तर घाबरू नका, ते प्रथिन आहे, पण जास्त आलं म्हणजे जास्त शिजलं.

हो, काट्यांचं राहिलं. मिठाच्या आधीच बोट उलटं फिरवून बघा, एखादा सापडतोच. भुवया काढायच्या चिमट्याने ओढायचा.

इथले लोक याच्याबरोबर उकडलेले बटाटे आणि व्हिनेगर-साखरेतली काकडी घेतात. काकडी मला पटली, बटाट्यांच्या जागी भात घेते. ताटात कातडं वर ठेवायचं, खाली ठेवलंत तर वाफेने पुन्हा मऊ पडतं. लिंबूही बाजूच्या मांसावर पिळा. ज्यांना कातडं खायचंच नसेल त्यांनी एवढं काही करू नये, सरळ रवा लावावा.