लेडबरी, आणि ऐकणारी माणसं

इंग्लंडमधल्या आमच्या हेरेफर्डशायर काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, रेल्वे स्टेशनं फक्त चार आहेत. हेरेफर्ड, लेम्स्टर, लेडबरी आणि कॉलवॉल. २०२१ च्या जनगणनेत अख्ख्या हेरेफर्डशायरची लोकसंख्या भरली १ लाख ८७ हजार, बाकी सगळं सफरचंदाच्या बागा, हॉप्सचे मळे, पांढऱ्या तोंडाच्या तांबड्या गाई आणि वेल्सच्या बाजूला निळसर दिसणारे डोंगर. मी इथे नोकरीसाठी आले तेव्हा वाटलेलं की पुस्तकाबिस्तकांचं सगळं आता लंडनला गेल्यावरच. आज सहा वर्षांनी सांगते, कवितेच्या बाबतीत इतकं भरभरून मला दुसरीकडे कुठे मिळालं नसतं, आणि त्याचं कारण इथले मोठमोठे कवी नाहीत, कारण आहे इथली ऐकणारी माणसं. त्यांच्याबद्दलच लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

हेरेफर्डशायर म्हटलं की लोक आधी हे-ऑन-वाय गावच्या साहित्य फेस्टिवलचं विचारतात. ते गाव खरं तर वेल्समध्ये, पॉविसमध्ये येतं, मधला एक ओढा ओलांडला की आमची काउंटी सुरू. हा फेस्टिवल १९८८ पासून चालू आहे, जगभरातून लोक येतात, फेस्टिवलच्या दिवसांत हेरेफर्ड स्टेशनवरून बस सुटतात. मी दोनदा जाऊन आले, मोठ्या तंबूत मागच्या रांगेत बसून मोठी नावं ऐकली, छान वाटलं. पण माझा जीव अडकलाय तो लेडबरीत.

लेडबरी म्हणजे एक हाय स्ट्रीट, मधोमध लाकडी खांबांवर उभं असलेलं सतराव्या शतकातलं काळं-पांढरं मार्केट हाऊस, आणि त्याच्या बाजूने वर चर्चकडे जाणारी चर्च लेन, दगडी, इतकी अरुंद की दोन्हीकडची जुनी घरं एकमेकांशी बोलतायत असं वाटतं. इथे १९९७ पासून दर उन्हाळ्यात पोएट्री फेस्टिवल होतो. फक्त कवितेचा! त्या दिवसांत गावाच्या हॉलमध्ये, चर्चमध्ये, कॅफेत सगळीकडे कविता चालू असते. तिकिटं तपासायला, खुर्च्या लावायला, कवीला स्टेशनवरून आणायला गावातलीच माणसं, बहुतेक रिटायर झालेली, गळ्यात ओळखपत्र अडकवून. आणि काम झालं की ही माणसं घरी जात नाहीत, मागे भिंतीला टेकून उभी राहतात आणि ऐकतात. मला पहिल्या वर्षी हेच लक्षात राहिलं होतं. वाचणाऱ्या बाई कोण होत्या ते आता आठवत नाही, पण दाराशी उभ्या असलेल्या स्वयंसेवक आजी डोळे मिटून, ओठ किंचित हलवत ऐकत होत्या ते अजून जसंच्या तसं डोळ्यासमोर आहे.

या गावाचा कवी म्हणजे जॉन मेसफिल्ड, जन्म १ जून १८७८, लेडबरीतच. आई लहानपणीच गेली, मग वडीलही गेले, सांभाळ आला काकूकडे, आणि पोराला वाचनाचं फार वेड लागलंय, ते सुटावं म्हणून त्याला तेरा वर्षांचा असताना कॉनवे नावाच्या जहाजावर नाविक व्हायला पाठवलं. वाचन सुटावं म्हणून! तिथे त्याला वाचायला भरपूर वेळ मिळाला आणि गोष्टी सांगणारे खलाशी मिळाले, आणि समुद्र जिथून कुठूनच दिसत नाही अशा या गावचा मुलगा इंग्लंडचा समुद्राचा कवी झाला, १९३० पासून १९६७ मध्ये जाईपर्यंत तो राजकवी होता. गावातल्या हायस्कूलला त्याचंच नाव आहे. मुलं युनिफॉर्ममध्ये चिप्स खात जाताना दिसली की मला दरवेळी त्या तेरा वर्षांच्या पोराची आठवण येते.

गावाबाहेर होप एंड नावाची इस्टेट आहे. एलिझाबेथ बॅरेट, म्हणजे पुढची प्रसिद्ध कवयित्री बॅरेट ब्राउनिंग, तिचं सगळं बालपण आणि तरुणपण तिथे गेलं, १८०९ ते १८३२. वडिलांनी मिनार असलेलं तुर्की थाटाचं घर बांधलं होतं, पैसा जमैकातल्या उसाच्या मळ्यांचा, म्हणजे गुलामांच्या घामाचा, हे विसरून चालत नाही आणि पुढे तिने स्वतःही गुलामगिरीविरुद्ध लिहिलं. ते घर आता नाही. पण मला आवडतात त्या दोन गोष्टी वेगळ्याच आहेत. ती चौदा वर्षांची असताना वडिलांनी तिच्या दीर्घकाव्याच्या ५० प्रती स्वतः छापून घेतल्या. आणि नंतर मॉल्व्हर्नला राहणारे ह्यू बॉइड म्हणून एक ग्रीकचे पंडित होते, त्यांना दिसत नव्हतं, तर ती त्यांच्याकडे जाऊन ग्रीक काव्य मोठ्याने वाचून दाखवायची. आंधळा माणूस कविता कशी ऐकत असेल! एका शब्दावर घसरलीस तरी त्याला कळणार. त्या खोलीत तिचा कान तयार झाला असणार असं मला मनापासून वाटतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ती गोष्ट. लेडबरीपासून चार-पाच मैलांवर डिमॉक आहे, काउंटीची हद्द ओलांडून ग्लॉस्टरशायरमध्ये. १९१४ मध्ये तिथे आसपासच्या घरांतून कवी राहात होते, लॅसेल्स ॲबरक्रॉम्बी, विल्फ्रिड गिब्सन, आणि येऊन-जाऊन रूपर्ट ब्रुक, जॉन ड्रिंकवॉटर. या चौघांनी स्वतःच एक छोटं त्रैमासिक काढलं, आणि लंडनच्या कुठल्या ऑफिसातून नाही तर तिथल्याच एका घरात बसून अंक बांधून पोस्टाने पाठवायचे. ब्रुकची 'द सोल्जर' ही सैनिकावरची प्रसिद्ध कविता पहिल्यांदा या त्रैमासिकात आली. आणि लिटल इडन्स नावाच्या साध्या, लाकडी चौकटीच्या घरात अमेरिकेहून आलेला रॉबर्ट फ्रॉस्ट बायकापोरांसकट राहायला आला. ऑगस्टमध्ये, अगदी महायुद्ध सुरू झालं तेव्हाच, त्याचा मित्र एडवर्ड थॉमस शेजारच्या शेतावर येऊन राहिला.

थॉमस तेव्हा ३६ वर्षांचा. मेसफिल्डच्याच वर्षी जन्मलेला. पुस्तक-परीक्षणं आणि सांगतील त्या विषयावर पुस्तकं लिहून घर चालवत होता, थकलेला, मनाने वारंवार खचणारा. कविता एकही नाही. फ्रॉस्टच्या पुस्तकावर त्याने तीन ठिकाणी परीक्षण लिहिलं होतं, आणि आता दोघं रोज मैलोन्मैल चालत, बोलत. चालताना फ्रॉस्ट त्याला सांगत राहिला की तुझ्या गद्यात कविता आहेच, तीच लय धरून ओळींत मांड. थॉमसची सवय अशी की एका वाटेने जाऊन आलं की हळहळायचं, अरे त्या दुसऱ्या वाटेने नेलं असतं तर तुला अमुक फूल दाखवता आलं असतं. फ्रॉस्टची दोन वाटांची जगप्रसिद्ध कविता आली ती याच हळहळीतून. आणि डिसेंबर १९१४ मध्ये थॉमसने पहिली कविता लिहिली, मग जणू धरण फुटलं, दोन-सव्वादोन वर्षांत १४० च्या वर कविता. ९ एप्रिल १९१७ ला अरासच्या लढाईत तो मारला गेला. कवितासंग्रह त्यानंतर निघाला, त्याने पाहिला नाही.

गेल्या मार्चमध्ये आमच्या पोएट्री ग्रुपमधल्या सत्तरी ओलांडलेल्या एक बाई मला त्या वाटेने घेऊन गेल्या. पोएट्स पाथ म्हणून आठेक मैलांची चक्कर आहे. तिथे जंगली डॅफोडिल असतात, बागेतल्यासारखी ढबोळी नाहीत, बुटकी, फिकट पिवळी, ओल्या गवतात मान खाली घालून उभी असलेली. चिखल इतका की बूट दर पावलाला चक्क ओढून काढावा लागत होता. कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्यांवर बाई बसल्या, खिशातून कागद काढला आणि थॉमसची एक कविता वाचली, सावकाश, अजिबात अभिनय न करता. वाचून झाल्यावर काही बोलल्या नाहीत. थर्मासमधला चहा ओतला, माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, आता तुम्ही म्हणा काहीतरी, मराठीत. मी म्हटलं तुम्हाला कळणार नाही. त्या म्हणाल्या, कळायचं नंतर बघू, आधी ऐकू तर द्या.

मग मी म्हटली. चिखलात उभं राहून, समोर एक बाई आणि काही मेंढ्या. माझीच होती, वाय नदीला पूर आला होता त्याच्यावरची. फेब्रुवारी २०२० मध्ये हेरेफर्डला वाय सहा मीटरच्या वर गेली होती, जुन्या पुलाच्या कमानी जवळजवळ भरल्या होत्या, नदीकाठचं बिशप्स मेडो म्हणजे नुसतं तळं झालं होतं आणि त्यात बाकांच्या फक्त पाठी वर दिसत होत्या. त्यावर मी लिहिलं होतं आणि वहीत ठेवून दिलं होतं. कुणाला दाखवणार?

असंच वहीत राहून गेलेलं एक मोठं उदाहरण इथलंच आहे. थॉमस ट्रहर्न, हेरेफर्डच्या चांभाराचा मुलगा, क्रेडनहिलला पाद्री होता, १६७४ मध्ये गेला. त्याच्या कवितांची हस्तलिखितं १८९६-९७ च्या सुमाराला लंडनमध्ये रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर सापडली, काही पेन्सना. एक तर १९६० च्या दशकात लँकेशायरमध्ये जळत्या कचऱ्याच्या ढिगातून एका माणसाने ओढून बाहेर काढलं. म्हणजे सव्वादोनशे-तीनशे वर्षं वाचणारंच कुणी नव्हतं. आता हेरेफर्ड कॅथेड्रलमध्ये ऑडली चॅपलला त्याच्या नावाच्या काचेच्या खिडक्या आहेत, टॉम डेनीने केलेल्या, दुपारी ऊन आलं की जमिनीवर लाल-पिवळा रंग सांडतो. तिथेच साखळ्यांची लायब्ररी आहे, म्हणजे पुस्तकं कपाटाला साखळ्यांनी बांधून ठेवलेली जुनी लायब्ररी. साखळी मुखपृष्ठाच्या पुढच्या कडेला अडकवलेली असल्यामुळे पुस्तकं उलटी, कणा आत करून ठेवलेली, बाहेरून दिसतात नुसत्या पानांच्या कडा. मी तिथे उभी राहिले की मला ट्रहर्नची ती हस्तलिखितंच आठवतात.

बाई त्या दिवशी परतताना गाडीत म्हणाल्या, फेस्टिवलला ओपन माइक असतो, नाव द्या. दिलं. लेडबरीच्या फेस्टिवलने २०१७ मध्ये संदीप परमार आणि सारा हाऊ या दोन कवयित्रींबरोबर समीक्षकांसाठी एक उपक्रम सुरू केला, कारण इथल्या पेपरांत कवितेची परीक्षणं लिहिणारे जवळजवळ सगळे गोरेच होते. त्यामुळे माझ्यासारखीला तिथे परकं वाटत नाही हे खरं, तरी मराठीत वाचायचं म्हणजे पोटात गोळा आलाच होता. आधी इंग्रजी अर्थ दोन मिनिटांत सांगितला, मग मराठी कविता. हॉलमध्ये चाळीसेक लोक. कुणी खुर्ची सरकवली नाही की कुणी मोबाइल बघितला नाही. शेवटच्या ओळीनंतर क्षणभर काहीच नाही, आणि मग टाळ्या.

चहाच्या टेबलापाशी एक शेतकरी आजोबा आले, हातात प्रोग्रॅम आणि पेन्सिल. तुम्ही एक शब्द दोनदा म्हणालात, पाण्याच्या ओळीत, तो काय? मी जरा विचार केला. गढूळ. त्यांनी म्हणून बघितलं, गडूल. अर्थ सांगितला, की माती मिसळून आलेलं, तळ न दिसणारं पाणी. ते म्हणाले, आमची खालची दोन शेतं त्या फेब्रुवारीत तीन आठवडे अशीच होती, आणि मी त्या रंगाला शब्द शोधतोय. त्यांनी प्रोग्रॅमच्या मागे तो त्यांच्या लिपीत लिहून घेतला, मग मला पेन्सिल देऊन म्हणाले, तुमच्यात कसा दिसतो तो पण काढून द्या. मी मोठ्या अक्षरात काढून दिला.

आमच्या ग्रुपच्या सप्टेंबरच्या बैठकीत त्यांनी स्वतःची कविता वाचली, पाण्याखाली गेलेल्या शेताची. सगळी इंग्रजीत, आणि मधल्या एका ओळीत गडूल. ढ काही त्यांना जमत नाही. गोलात आम्ही अकरा जण होतो, पण त्याचा अर्थ कुणीच विचारला नाही, फक्त थर्मासवाल्या बाई म्हणाल्या, ती ओळ परत वाचा.