वसनेकाठची विहीर आणि आठवा पाय

माद्या हाती होत्या, नर मिळत नव्हता. जमिनीखालच्या पाण्यात राहणाऱ्या पॅराबॅथिनेलिडी कुळातल्या प्राण्यांच्या बाबतीत याचा अर्थ एवढाच की नवी जात ठरवायचं काम अडलं. लांबी जेमतेम एक मिलिमीटर, रंग नाही, डोळे नाहीत, अंग दोऱ्याच्या तुकड्यासारखं. नात्यानं हा खेकडा-कोळंबीच्या गोतातला, पण त्यांच्यासारखी पाठीवर ढाल नाही, त्यामुळे छातीचे आठही खंड सुटे दिसतात. पायांच्या सात जोड्या चालायच्या. आठवी आखूड असते, आणि नरामध्ये तिचा समागमाचा अवयव झालेला असतो. या आठव्या पायाची ठेवण जातीगणिक बदलते. ती न बघता ‘ही जात नवीन’ असं छापणं मला मान्य नव्हतं. स्पर्शिकांच्या खंडांची संख्या, शेपटाकडच्या काटेरी उपांगांची रचना, हे सगळं आमच्या माद्यांमध्ये वेगळं दिसत होतं. तरीही नर हवाच होता.

विहीर सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात, वसना नदीपासून हाकेच्या अंतरावर. जुनी, चिरेबंदी. मोटेची धाव आता गवतात बुजलीय, थारोळं, म्हणजे उपसलेलं पाणी पडायचं दगडी कुंड, मात्र शाबूत आहे. वरचा भाग मुरुमातून खणलेला, खाली काळा पाषाण, आणि त्या दोन्हींच्या सांध्यातून झरे येतात. आमचा प्राणी विहिरीत राहत नाही. तो त्या सांध्यात, भेगांत, वाळूच्या कणांमधल्या पाण्यात राहतो. तिथले सूक्ष्म जीव आणि कुजका गाळ खातो. झऱ्याबरोबर वाहून विहिरीत पडला तरच आपल्याला दिसतो. म्हणून नुसती जाळी तळाशी सोडून वरखाली हलवण्यापेक्षा मोटर चालवून पाणी उपसणं आणि पाइपाच्या तोंडाशी बारीक जाळी बांधणं मला जास्त भरवशाचं वाटतं. पाणी खाली गेलं की झरे जोरात वाहू लागतात आणि आतले रहिवासी बाहेर येतात.

त्या आठवड्यात थ्री फेज लाईट दिवसाची होती. विहिरीचे मालक अण्णा मोटर चालू करणार, आम्ही थारोळ्यावर जाळी बांधणार, असं ठरलं होतं. सकाळी निघायच्या आधीच त्यांचा फोन आला.

“मॅडम, आज येऊ नका. पंचायतीनं हिरीत टीसीएल टाकायचं ठरवलंय. पाण्यात किडं गावल्यात असं गावभर झालंय.”

नळयोजनेचं पाणी उन्हाळ्यात आटलं की वाडी याच विहिरीवर असते. त्यामुळे त्यांची काळजी खरी होती. पण टीसीएलच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या, बादल्या विहिरीत ओतल्या तर तळाशी जे काही आहे ते मरणार होतं, आणि नर मिळायची आशा किती लांबणीवर जाईल याचा अंदाज करवत नव्हता. माझी विद्यार्थिनी, मी आणि हातात धरून नेता येईल असा सूक्ष्मदर्शक, अशा आम्ही तडक निघालो.

विहिरीवर सरपंच ताई होत्या, पाणी सोडणारा शिपाई पावडरची पिशवी घेऊन उभा होता, हंडे घेऊन आलेल्या बायका होत्या. कठड्याला टेकून एक आजी बसल्या होत्या. मी बोलायला सुरुवात केली तोच त्यांनी लुगडं वर करून घोटा दाखवला. जुना, आकसलेला व्रण.

“नारू झाला हुता मला. ल्हान हुते तवा. काडीला गुंडाळून गुंडाळून रोज इतका इतका काढायचा. तवाबी डाक्टर म्हणले, पाण्यात बारीक किडं असत्यात, त्येच्यानं हुतंय. आता तुमीबी बारीक किडंच सांगताय, बाई.”

यापुढे माझ्याकडचं पाठ केलेलं स्पष्टीकरण कुचकामी होतं. आजींना जे आठवत होतं ते शब्दशः खरं होतं. नारूची अळी सायक्लॉप्स नावाच्या एका सूक्ष्म जिवाच्या पोटात वाढते, आणि तो सायक्लॉप्सही कवचधारी प्राण्यांपैकीच. नारूचा माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की जखमेतून अळ्या पाण्यात जात, सायक्लॉप्स त्या गिळे, सायक्लॉप्ससकट पाणी कुणीतरी पिई, आणि वर्षभरानं पायातून हातभर जंत बाहेर येई. त्यावर औषध नव्हतंच. पाणी फडक्यानं गाळून पिणं, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून रहाटानं पाणी काढणं, अशा उपायांनी तो रोग हटला. देशातला शेवटचा रुग्ण 1996 साली नोंदला गेला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. ज्या बाईनं तो जंत स्वतःच्या पायातून निघताना पाहिलाय, तिला बारीक किड्यांची भीती बाळगायचा पूर्ण हक्क आहे.

मग मी दाखवायचं ठरवलं. विहिरीच्या उघड्या पाण्यात सायक्लॉप्स सापडतोच, तो जाळीच्या एका फेरीत आला. तळाचा गाळ ढवळून ओढलेल्या दुसऱ्या जाळीत आमची एक मादी आली, तीही जिवंत. दोन्ही दोन काचांवर घेतले, सूक्ष्मदर्शक कठड्यावर सपाट दगड बघून ठेवला, आरसा उन्हाकडे वळवला. आजींना सुरुवातीला काही दिसेना. त्यांच्या डोक्यावरून हात धरून सावली केली तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, “ह्यो उड्या मारतुय की! कपाळावर डोळा हाय एक.” तो सायक्लॉप्स. दुसरी काच ठेवली. “ह्येला डोळं न्हाईत. वाळूला धरून सरपाटतंय नुसतं.”

हेच तर मला सांगायचं होतं. नारूची अळी वाढते ती त्या एकडोळ्या, पोहणाऱ्या प्राण्यात. हा आंधळा प्राणी कुणाच्याही पोटात रोग नेत नाही. तो ज्या पाण्यात आहे ते पाणी जमिनीच्या आतून, भेगांतून येतंय, एवढंच त्याच्यावरून कळतं.

टीसीएलबद्दल मात्र मी आडपडदा ठेवला नाही. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन हवंच. हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम पावडर, हा नेहमीचा हिशोब आहे. माझं म्हणणं इतकंच होतं की विहिरीतलं पाणी वर टाकीत चढवून मग वाटलं जातं, तर पावडर टाकीत टाका. तिथे पाणी मोजता येतं, मात्रा बरोबर बसते, आणि विहिरीला हात लावायची गरज उरत नाही. सरपंच ताईंनी शिपायाला टाकी किती लिटरची ते विचारलं, मनात आकडा केला आणि पिशवी टाकीकडे पाठवली. विहिरीच्या पाण्याचा नमुना जंतूंच्या तपासणीला पाठवायचंही तिथेच ठरलं. हे सगळं होईपर्यंत ऊन चढलं होतं.

लाईट आली. अण्णांनी स्टार्टर दाबला.

दुपारभर पाणी जाळीतून थारोळ्यात पडत राहिलं. विहिरीची पातळी उतरली तसे सांध्यातले झरे उघडे पडले, एक तर बोटाएवढी धार धरून वाहत होता. मधून मधून जाळी सोडवायची, तळाशी साठलेला गाळ अल्कोहोलच्या बाटलीत धुऊन घ्यायचा, जाळी पुन्हा बांधायची. आजी घरी गेल्या नाहीत. प्रत्येक बाटली उन्हात धरून बघत होत्या.

रात्री प्रयोगशाळेत गाळ थोडा थोडा बशीत घेऊन निवडायला बसलो. वाळूचे कण, मुळांचे तुकडे, सायक्लॉप्स, दोन माद्या, पुन्हा वाळू. मग एक जरा किरकोळ अंगाचा प्राणी आला. ग्लिसरीनच्या थेंबात त्याला कुशीवर वळवला आणि सातव्या पायामागे एक ठसठशीत, गोलसर फुगवटा दिसला. मी विद्यार्थिनीला बोलावलं. तिनं डोळा लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

विच्छेदन मी दुसऱ्या दिवसावर ढकललं नाही. सुया अगदी बारीक टोकाच्या, हात टेबलावर टेकलेले, पंखा बंद. आठवा पाय सुटा करून त्यावर काच ठेवली, कडेला मेण, आणि शंभरपट भिंगाखाली तेलाचा थेंब. त्या पायाचे भाग, आतल्या बाजूचा दातेरी कंगोरा, टोकाकडचा वळसा, सगळं कॅमेरा ल्युसिडाखाली, म्हणजे भिंगातलं दृश्य कागदावर गिरवू देणाऱ्या साधनाखाली, उतरवत गेले. मग आजवरच्या वर्णनांमधल्या आकृत्या एकेक करून शेजारी ठेवल्या. हा पाय कुणाचाच नव्हता.

या आकृत्यांपैकी बहुतेक आंध्रातल्या आहेत. गुंटूरजवळच्या आचार्य नागार्जुन विद्यापीठाचे वाय. रंगा रेड्डी यांनी कृष्णा-गोदावरीच्या वाळूतून आणि तिथल्या विहिरींतून हे भूजलातले प्राणी वर्षानुवर्षं वेचले. आमचा प्राणी ज्या हॅब्रोबॅथिनेला प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, बसतो, ती भारतात आणि मादागास्करमध्ये सापडते. मधल्या समुद्रात नाही, कारण ही मंडळी खाऱ्या पाण्यातली नाहीत. पोहणारी पिल्लंही नाहीत, अंडी एकेक करून घातली जातात, त्यामुळे दूर पसरायला काही साधनच नाही. दोन्ही भूभाग एकत्र होते तेव्हाचा हा वारसा मानतात, आणि ते वेगळे होऊन आठ-नऊ कोटी वर्षं झाली. पण आपला काळा पाषाण तर त्यानंतरचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तापलेल्या लाव्ह्यात कुणी जगलं नसणार. म्हणजे कोरेगावच्या भेगांत हे नंतर आले, नदीच्या वाळूतून, कणाकणानं, कदाचित कृष्णेच्या खालच्या अंगाकडून वर. हा माझा तर्क आहे, डीएनए हाती आल्यावरच तो तपासता येईल. त्यासाठीच गाळ फॉर्मॅलिनऐवजी अल्कोहोलमध्ये ठेवला.

नियमाप्रमाणे ज्या एका नमुन्यावर जातीचं नाव टेकतं तो नमुना संग्रहालयात जमा करावा लागतो आणि तो कुठे मिळाला ते छापावं लागतं. आमचा नर भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्याच्या केंद्रात जाईल. ठिकाण म्हणून अण्णांची विहीर छापली जाईल. त्यांना हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी थोडा वेळ विचार करून विचारलं, “म्हंजे आता मला हिरीला हात लावता येत न्हाई का? आडवं बोअर मारायचं हाय. ऊस जळतोय.”

तसं काही बंधन नाही, विहीर तुमची आहे, असं मी स्पष्ट सांगितलं. मागितलं एकच: यंत्र येणार असेल त्याच्या आधी फोन करा. आडवं बोअर खडकाच्या आत जिथवर जातं तिथलं पाणी आम्ही आजवर कधी गाळलेलं नाही. परवा अण्णांचा फोन आला, यंत्र सोमवारी येतंय. सरपंच ताईही येणार आहेत, आणि आजींनी निरोप धाडलाय की सूक्ष्मदर्शक आणायला विसरू नका.